मुरमाचा रस्ता मिनी ट्रॅक्टरने नीट करताना: खड्डे, चाकोऱ्या आणि पाण्याची वाट

मे महिन्यात दोन ट्रॉल्या मुरूम आणायचा, खड्ड्यांत ओतायचा, फावड्याने थापायचा आणि वरून चार वेळा गाडी फिरवायची. आमच्या वाडीच्या रस्त्यावर चार वर्षं हेच चाललं. ऑगस्टमध्ये खड्डे पुन्हा त्याच जागी, तेवढेच खोल. मुरूम कुठे गेला हे शोधावं लागत नसे, खालच्या भातखाचरात तो पसरलेला दिसायचा.

हा रस्ता भोर तालुक्यातला. डांबरी सडकेपासून घरापर्यंत १८० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. शेवटचा तुकडा चढाचा आहे आणि मधल्या तुकड्याखाली काळी माती. २४ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर, जमीन उकरणारा पाच फणी कल्टिव्हेटर आणि माती सरकवायला मागे लावायचं रुंद पातं, म्हणजे टेरेसर ब्लेड, एवढ्या सामानावर आता आम्ही तो घरच्या घरी नीट ठेवतो. मुरूम फार कमी विकत आणावा लागतो. पुढची पद्धत अशाच शेतरस्त्यासाठी, वाडीच्या किंवा फार्महाउसच्या वाटेसाठी आहे.

आधी पाणी पाहा

ट्रॅक्टरला हात लावण्याआधी एकदा भर पावसात छत्री घेऊन रस्ता चालून या. मुरमाचा रस्ता गाड्यांपेक्षा पाण्याने जास्त खराब होतो. सपाट जागी पाणी साचतं. त्यावरून चाक गेलं की ते गढूळ पाणी जोराने बाहेर उडतं आणि सोबत मुरमातला बारीक, चिकट भाग घेऊन जातं. दगडांना धरून ठेवणारा तोच भाग असतो. तो गेला की दगड सुटतात, खळगा खोल होतो, मग त्यात जास्त पाणी साचतं.

म्हणून हा रस्ता सपाट करायचाच नसतो. मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता हवा, बैलाच्या पाठीसारखा. कामावरची माणसं याला कॅम्बर म्हणतात. मुरमाच्या रस्त्याला साधारण ४ टक्के आडवा उतार लागतो. ३ मीटर रुंदीचा रस्ता असेल तर मध्यापासून कडेपर्यंतच्या १.५ मीटरमध्ये ६ सेंटिमीटर. मावळात, कोकणात, जिथे पाऊस झोडपतो तिथे ५ टक्के ठेवा, म्हणजे साडेसात सेंटिमीटर. त्यापेक्षा जास्त देऊ नका. गाडी कडेला कलते असं वाटलं की चालवणारा मधोमधच चालवतो आणि नव्या चाकोऱ्या पडतात.

दुसरी गोष्ट कडेची. वर्षानुवर्षं चाकांनी बाहेर फेकलेला मुरूम, गवताची मुळं, वाहून आलेली माती यांचा दोन्ही कडांना वरंबा तयार होतो. रस्ता मग पाटासारखा होतो आणि मध्ये कितीही उंचवटा दिला तरी पाणी बाहेर पडत नाही. आमचे निम्मे खड्डे या वरंब्यामुळे पडत होते. त्यात अडकलेला मुरूम आपण पैसे देऊन आणलेला असतो, तो परत रस्त्यावर घ्यायचा आहे.

काम कधी काढावं

शेतकऱ्याला एका शब्दात सांगता येईल: वाफशावर. ओला चिकचिकीत मुरूम ब्लेडला लपेटतो, कोरडा ठणठणीत मुरूम उकरत नाही आणि उकरला तरी दबत नाही, नुसता धुरळा होतो. मूठभर मुरूम घट्ट दाबा. गोळा झाला, बोटं सोडल्यावर टिकला आणि हाताला पाणी सुटलं नाही, की काम सुरू करा.

आमच्याकडे पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये असे काही दिवस मिळतात. वर्षाचं मोठं काम तेव्हाच करावं. मेमध्ये करायचं तर वळवाची एखादी सर पडून गेल्यावर, नाहीतर टँकर लावून. टँकरचा हिशोब सोपा आहे. १८० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर खोल थर म्हणजे ५४ घनमीटर मुरूम, वजनाने नव्वदेक टन. त्यात ५ टक्के ओल आणायची तर साडेचार हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे ५,००० लिटरचा एक टँकर. आदल्या संध्याकाळी सावकाश शिंपडा आणि रात्रभर जिरू द्या. सकाळी एकदम ओतलेलं पाणी वरच्या वर वाहून जातं.

मुरूम ओळखणं

देशावरचा मुरूम हा कुजलेला काळा दगड, कोकणातला तांबडा मुरूम जांभ्याचा. दोन्ही चालतात, फक्त त्यात तीन गोष्टी हव्यात: सुपारीएवढे टोकदार खडे, मधली भरड आणि पिठासारखा बारीक भाग. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा मुरूम घाला, वरपर्यंत पाणी भरा, खळखळून हलवा आणि रात्रभर ठेवा. तळाला खडे, मग रेताड थर आणि सगळ्यात वर गाळ बसतो. गाळाचा थर एकूण मुरमाच्या दहाव्या-सातव्या हिस्स्याइतका असेल तर उत्तम. निम्मा गाळच असेल तर ती माती आहे, पावसात गाडी घसरेल. गाळ जवळजवळ नसेल तर मुरूम बांधला जाणार नाही, त्यात चिकट मुरूम किंवा क्रशरची कच मिसळावी लागेल. नदीतले गोल गोटे कधीच टाकू नका. ते एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखाली नुसते लोळतात.

काळ्या मातीचा तुकडा असेल तर तिथे मुरमावर पैसे घालवण्याआधी खाली सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा थर, करून घ्या. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते, आणि ओली झाली की वरचा मुरूम गिळते. आमच्या मधल्या चाळीस मीटरला १५ सेंटिमीटर डबर हाताने बसवून, फटींत चिपा ठोकून वर मुरूम दिला. तेवढा तुकडा त्यानंतर खचला नाही.

नवा मुरूम किती लागेल ते ब्रासमध्ये काढावं लागतं. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. वर सांगितलेल्या रस्त्यावर ५ सेंटिमीटरचा सैल थर द्यायचा तर २७ घनमीटर, म्हणजे साडेनऊ ब्रास, आणि दाबल्यावर त्याचे ४ सेंटिमीटरच राहतात. हा आकडा पाहूनच मी आधी कडेचा वरंबा परत घ्यायला शिकलो. मुरूम हे गौण खनिज आहे, त्यामुळे स्वतःच्या जागेतून काढायचा असला तरी तहसील कार्यालयात परवानगी आणि स्वामित्वधनाचं (रॉयल्टीचं) विचारून घ्या. विकत घेताना वाहतुकीची पावती मागा.

अवजारं आणि त्यांची जोडणी

टेरेसर ब्लेड हे या कामाचं मुख्य अवजार. ते आडवं, तिरकं आणि उलटं फिरवता येतं. रुंदी निदान ५ फूट हवी. ब्लेड तिरकं केलं की त्याची पोहोच कमी होते. ३० अंशांवर ५ फुटांचं ब्लेड सुमारे सव्वाचार फूटच जागा घेतं, आणि ते मागच्या चाकांच्या खुणा झाकेल एवढं तरी असायला हवं. दोन्ही बाजूंना पत्रे असलेला पेटीसारखा लेव्हलरही चालतो. तो मुरूम पोटात साठवून खळग्यात सोडतो, पण कडेचा मुरूम मध्याकडे सरकवू शकत नाही.

टॉप लिंकचा (अवजाराचा माथा ट्रॅक्टरला जोडणारा, आटे फिरवून लहान-मोठा होणारा वरचा दांडा) परिणाम मात्र या दोन अवजारांत उलटा होतो, आणि याची माहिती दुकानात सहसा कोणी देत नाही. टॉप लिंक आखूड केली की अवजाराचा माथा ट्रॅक्टरकडे कलतो. पेटीच्या लेव्हलरला त्यामुळे पुढची धार आणि दात खाली जातात आणि तो जोरात खातो. टेरेसर ब्लेडला तसं केलं की पात्याचा वरचा काठ पुढे झुकतो, धार मातीत घुसण्याऐवजी मुरूम पुढे लोळवत नेते. म्हणजे टेरेसर ब्लेडने कापायचं तर टॉप लिंक लांब करा आणि पसरवायचं तर आखूड. एका वेळी दोन-तीन आटेच फिरवून पाहा.

उजव्या बाजूच्या लिफ्ट रॉडला (अवजार उचलणाऱ्या उभ्या दांड्याला) बहुतेक ट्रॅक्टरांवर फिरवायची मूठ असते. रॉड आखूड केला की ब्लेडचं उजवं टोक वर येतं. उतार द्यायला हीच मूठ वापरायची आहे. हायड्रोलिकवर ड्राफ्ट कंट्रोल (ओढ वाढली की अवजार आपोआप उचलणारी सोय) बंद ठेवून फक्त पोझिशनच्या, म्हणजे अवजार ठरलेल्या उंचीवर धरणाऱ्या, लिव्हरने काम करा. चेक चेन ताणून घ्या, नाहीतर तिरकं ब्लेड ओढताना अवजार एका बाजूला झुलतं.

ब्लेडला वजन कमी पडतं म्हणून त्यावर माणूस उभा करायची पद्धत गावोगाव आहे. कळकळीने सांगतो, ती सोडा. दगडाला अडकून ब्लेड उसळलं की उभा माणूस थेट धारेखाली किंवा चाकाखाली जातो. वजन हवं तर वाळूच्या गोण्या दोरखंडाने आवळून बांधा. मडगार्डवर मुलांना बसवू नका. दोन्ही ब्रेक पेडल जोडून ठेवा, आणि रोलबार (ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी लोखंडी कमान) असेल तर सीटबेल्ट लावा. साखळीने काही ओढायचं असेल तर ती खालच्या हुकालाच बांधायची. टॉप लिंकच्या उंचीला बांधून ओढलं तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटू शकतो.

आखणी

सकाळी पहिलं काम फक्कीचं, म्हणजे पांढऱ्या भुकटीने रेषा मारायचं. रस्त्याच्या दोन्ही कडा आणि मध्यरेषा फक्कीने मारून घ्या. शेजाऱ्याचा बांध लागून असेल तर त्याला सोबत घेऊनच कड ठरवा. ब्लेडने बांध अर्धा फूट कातरला गेला तर वाद वर्षभर पुरतो. जमिनीखालच्या पाइपलाइन, मोटारीची केबल, ठिबकची मुख्य नळी कुठे रस्ता ओलांडतात तिथे खुंट्या ठोका. आपल्याकडे पाइप कित्येकदा वीतभर खोलीवरच गाडलेले असतात. तशा जागी फण न लावता कुदळीने काम करायचं.

कड कापणं आणि उकरणं

कडेवरचं गवत आधी काढून घ्या, मुळांसकट. मुरमात गवत मिसळलं की ते कुजतं आणि तिथे पोकळी राहते. मग ब्लेड तिरकं करून वरंबा कापा आणि तो मुरूम रस्त्यावर ओढून ठेवा. वरंब्यात नुसती माती असेल तर ती आत न घेता बाहेर टाका.

आता कल्टिव्हेटर. हे पाऊल बहुतेक लोक गाळतात, आणि खड्डे परत येण्याचं कारण तेच. खड्डा ८ सेंटिमीटर खोल असेल तर त्याच्या आजूबाजूचा रस्ता ९-१० सेंटिमीटरपर्यंत, पूर्ण रुंदीत आणि दोन्ही बाजूंना काही मीटर उकरला पाहिजे. नुसता भरलेला खड्डा म्हणजे घट्ट वाटीत सैल मुरूम, पहिल्याच पावसात पाणी वाटीच्या कडेने आत शिरतं. तळापासून उकरून एकजीव केलं की ती वाटीच उरत नाही. पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडल्या असतील तरी नियम हाच, लाटेच्या खोलगट भागाच्याही खाली फण गेला पाहिजे. वरवर खरवडलेल्या लाटा काही दिवसांत परत उठतात.

दबलेल्या मुरमात मिनी ट्रॅक्टरला पाच फण ओढवत नाहीत, चाकं घसरतात. दोन फण काढून तीनच ठेवा. प्रत्येक फणावर जोर वाढतो आणि तो नीट घुसतो. पहिल्या फेरीत ५ सेंटिमीटर, दुसऱ्या फेरीत अर्ध्या अंतराने सरकून पूर्ण खोली. सगळ्यात खालच्या गिअरमध्ये चालवा. चाक घसरलं की फण थोडा उचला, डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) सरळ ओळीतच वापरा आणि वळण्याआधी सोडा. रोटाव्हेटर लावण्याचा मोह टाळा. दगडांवर त्याची पाती मोडतात आणि मुरमातले खडे फुटून पीठ होतं. उकरताना वर आलेले मुठीपेक्षा मोठे दगड वेचून कडेला टाका, ते पुढे गटाराच्या तोंडाशी बसवायला उपयोगी पडतात.

सगळा रस्ता चांगला असून एक-दोनच खड्डे असतील तर ट्रॅक्टर काढायची गरज नाही. पहारीने खड्ड्याच्या कडा उभ्या कापा, तळ सैल करा, ओला मुरूम दोन थरांत भरून धुमसाने ठोका आणि वरचा थर बोटभर उंच ठेवा.

ब्लेडने पाठ काढणं

ब्लेडचं डावं टोक पुढे आणि उजवं टोक मागे, असं साधारण ३० अंश तिरकं करा. उजवा लिफ्ट रॉड आखूड करून उजवं टोक वर घ्या. आता ट्रॅक्टर रस्त्याच्या डाव्या कडेने न्या. डावं टोक कडेला खोल कापतं आणि मुरूम पात्यावरून घसरत उजवीकडे, म्हणजे मध्यरेषेकडे जातो. टोकाला वळून परत येताना पुन्हा डाव्याच कडेने या. तुमची डावी बाजू आता दुसरी कड आहे. ब्लेडची जोडणी बदलावी लागत नाही आणि दोन्ही बाजूंना सारखाच उतार पडतो. दोन-तीन फेऱ्यांत मध्ये मुरमाची लांब रास तयार होते.

मग ब्लेड आडवं करा, टॉप लिंक आखूड करा आणि ती रास दोन्ही बाजूंना पसरवा. इथे वेग महत्त्वाचा. ताशी ५ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीएवढा. त्याहून जोरात नेलं तर ब्लेड नाचतं आणि आपणच लाटा पाडतो.

छोट्या ट्रॅक्टरची एक अडचण इथे जाणवते. पुढची चाकं उंचवट्यावर चढली की मागचं ब्लेड खाली दबतं. पुढच्या आणि मागच्या चाकांत दीड मीटर अंतर आणि ब्लेड मागच्या आसापासून एक मीटर मागे असेल, तर पुढचं चाक १० सेंटिमीटर चढल्यावर ब्लेड साडेसहा सेंटिमीटर खाली जाऊ पाहतं. म्हणजे पुढे उंचवटा असला की मागे खळगा पडतो. नवशिक्या माणसाला वाटतं आपला हात बसला नाही, पण हा दोष भूमितीचा आहे. लिव्हर सारखी वर-खाली करून तो भरून निघत नाही, उलट वाढतो. लिव्हर एका जागी ठेवा, थोडं थोडं कापा, फेऱ्या जास्त करा. सहा हलक्या फेऱ्यांनी होतं ते दोन जड फेऱ्यांनी होत नाही.

उतार मोजायला गवंड्याची दीड मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी घ्या. तिच्या एका टोकाखाली ६ सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा बांधा. दुसरं टोक मध्यरेषेवर, ठोकळा कडेला, आणि वर स्पिरिट लेव्हल. बुडबुडा मध्ये आला की उतार बरोबर. दर दहा मीटरवर दोन्ही बाजूंना मोजा. डोळ्याला पुरेसा वाटणारा उतार मोजल्यावर बहुतेक वेळा निम्माच निघतो.

शेवटचा हात: पाटा

गुळगुळीत करायला ब्लेडपेक्षा पाटा चांगला. १०० मिलिमीटरचे दोन सी चॅनेल, प्रत्येकी दीड मीटर लांब, एकमेकांपासून १.२ मीटर अंतरावर अँगलने जोडून घ्या. पुढच्या चॅनेलला साखळी लावून मागे ओढायचं. पाटा ट्रॅक्टरच्या डोलण्यापासून मोकळा असतो आणि लांबीमुळे लहान खळग्यांवरून पूल बांधल्यासारखा जातो, पुढचा चॅनेल उंचवटा खरवडतो आणि मागचा खळगा भरतो. साखळीची एक बाजू दोन कड्या आखूड केली की तो तिरका चालतो, मुरूम मध्याकडे सरकत राहतो. गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे एका दिवसात बनतो.

दाबणं

सैल मुरूम तसाच सोडला तर आठवड्यात चाकोऱ्या पडतात. भाड्याचा व्हायब्रेटर रोलर तासाभरासाठी मिळाला तर बघायलाच नको. नाही मिळाला तर मुरमाने भरलेली ट्रॉली जोडा आणि दर फेरीला एका चाकाच्या रुंदीने सरकत जा. कडेपासून सुरुवात करून मध्याकडे या. मध्यापासून दाबत गेलं तर मुरूम बाहेर सरकतो आणि पाठ चपटी होते. एका वेळी १० सेंटिमीटरपेक्षा जाड थर दाबायला घेऊ नका, खालचा भाग सैलच राहतो. वरून हलकं पाणी मारत राहा. बुटाची टाच रेटून फिरवल्यावर नुसता ओरखडा उठला, खळगा पडला नाही, की झालं.

चर आणि चढाचा तुकडा

कडेला आलेलं पाणी पुढे कुठे जाणार हे ठरवल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. उतार असलेल्या बाजूला फूटभर खोल, पसरट तोंडाचा चर काढा आणि तो शेताकडे, ओढ्याकडे मोकळा सोडा. चराच्या तोंडाशी वेचलेले दगड बसवा, म्हणजे घळ पडत नाही.

चढावर पाणी कडेला जाण्याऐवजी चाकोरीतून सरळ खाली धावतं, तिथे नुसता कॅम्बर पुरत नाही. रस्त्याला तिरके, साधारण ३० अंशांवर, उथळ चर आणि त्यांच्या खालच्या बाजूला पसरट उंचवटा द्या, गाडीचं पोट लागणार नाही एवढाच. दर दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर पंचवीसेक मीटरवर एक पुरतो असा सर्वसाधारण अंदाज आहे. आमच्या पावसात मी पंधरा मीटरवर ठेवतो. घराजवळ, जिथे पागोळ्यांचं पाणी रस्त्यावर येतं, तिथे सिमेंटच्या नळ्या टाकून मोरी करावी लागली. नळीचं तोंड पालापाचोळ्याने बुजतं, म्हणून हाताने साफ करता येईल एवढा, निदान ३०० मिलिमीटर व्यास घ्या.

पुढची देखरेख

पावसाळ्यात उघडीप मिळाली आणि रस्ता वाफशावर आला की नुसता पाटा दोन फेऱ्या फिरवा, अर्ध्या तासाचं काम आहे. जानेवारीनंतर कोरड्यात ब्लेड लावू नका, बारीक भाग धुरळा होऊन उडून जातो. घरातल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना गाडी सावकाश चालवायला सांगा. पन्हाळी लाटा गाडी वेगात चालवल्याने उठतात, चढावर जोरात रेस केल्याने त्याहून लवकर.

पहिल्या मोठ्या पावसात फावडं घेऊन रस्त्याने फिरा. जिथे पाणी दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबतं तिथे फावड्याच्या टोकाने कडेपर्यंत वाट काढून द्या आणि कडेला एक दगड ठेवा. उघडीप मिळाल्यावर त्या दगडांच्या जागा मीटर मोजून वहीत उतरवून घ्या. ऑक्टोबरमध्ये फण तिथूनच लावायचा.